रकाना भरा, कविता करा!

इंटरनेटवर कोणता आयपी पत्ता कोणाच्या नावावर आहे, हे सांगणारी एक भलीमोठी नोंदवही ॲमस्टरडॅममध्ये ठेवलेली आहे. राउटरचे मार्ग, संपर्काचे ईमेल, तक्रार कुठे करायची त्याचे पत्ते, असा सगळा कोरडाठाक मामला. आणि याच वहीत, अगदी अधिकृत रकान्यांत, हायकू आणि लिमरिक नोंदवलेल्या आहेत! हा गोऱ्यांचा चहाटळपणा वाटत असेल तर जरा थांबा. नोंदीत कविता घुसवण्याचा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचा एक मोठा अड्डा वाशीम जिल्ह्यात कारंजा लाडला आहे. हा घ्या दोन्हीकडचा खुराक.

पत्ता विचारा, लिमरिक घ्या

जगात आयपी पत्ते वाटणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था आहेत. युरोप, मध्यपूर्व आणि मध्य आशियाचा काही भाग ‘राइप एनसीसी’ सांभाळते. १९९२ पासून तिचं बिऱ्हाड ॲमस्टरडॅमला. तिच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीचा प्रकार ठरलेला असतो: पत्त्यांचा गट, मार्ग, व्यक्ती, संस्था. या यादीत कुणा गमत्या माणसाने ‘लिमरिक’ नावाचाही प्रकार घातला. पाच ओळींची विनोदी कविता, यमकाची रचना अअबबअ, असं तिचं वर्णन चक्क तांत्रिक पुस्तिकेत आलं. पुढे लिमरिकवाल्यांचीच का चैन, म्हणून ‘पोएम’ असा सर्वसमावेशक प्रकार आला. आता हायकूलाही जागा आहे, सुनीतालाही आणि मुक्तछंदवाल्यांनी नाराज होऊ नये म्हणून गद्यालाही.

वृत्त सरकारी, कविता सार्वजनिक

इथला नियम वाचून कोणत्याही संपादकाला हेवा वाटेल. या डेटाबेसमधली प्रत्येक नोंद कुणाच्या तरी ताब्यात असते. त्याच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. कविता मात्र ‘एलआयएम-एमएनटी’ या एकाच राखणदाराच्या नावावर ठेवायची, आणि त्याचा पासवर्ड वर्षानुवर्षं जगजाहीर होता! म्हणजे कुणीही यावं, कविता टाकावी. काव्यप्रकारांची गोष्ट वेगळी. ‘पोएटिक-फॉर्म’ ही नोंद फक्त डेटाबेसचे व्यवस्थापकच करू शकतात. कविता कुणीही करा, पण वृत्ताला मंजुरी वरून हवी. आणि कवी म्हणून नाव लावायचं असेल तर नुसतं टोपणनाव चालत नाही, त्याच डेटाबेसमध्ये तुमची व्यक्ती म्हणून नोंद लागते. कुसुमाग्रज किंवा केशवसुत इथे आले असते तर त्यांनाही आधी हँडल, म्हणजे नोंदीची ओळखखूण, काढावं लागलं असतं.

शोधायची सोयही पक्की आहे. काव्यप्रकारावरून उलटा शोध घेता येतो. हायकू मागितले की हायकू हजर.

कारंज्याचा डेटाबेस

आता विदर्भात या. कारंज्यात उतरणाऱ्या पाहुण्याचे पाय आधी गुरुमंदिराकडे वळतात, कारण नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव. पण गावात तीन जुनी दिगंबर जैन मंदिरंही आहेत, सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची. इथे भट्टारकांची, म्हणजे दिगंबर जैन धर्मगुरूंची, पीठं होती, आणि पीठ म्हटलं की ग्रंथभांडार आलंच. संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, मराठी अशा हस्तलिखित पोथ्या इथे पिढ्यान् पिढ्या वेष्टनात बांधून ठेवल्या गेल्या. त्यात पुराणं होती, चरित्रं होती, शास्त्रं होती. आणि त्या काळी शास्त्रही बहुधा पद्यातच लिहायचं असल्यामुळे भांडार म्हणजे मुख्यतः कवितेचाच साठा.

पोथी उघडली की सुटी पानं हातात येतात, लांबट आणि आडवी. पानाचा क्रमांक मागच्या बाजूला, समासात. मजकूर काळ्या शाईत, प्रकरण संपल्याची खूण बऱ्याचदा तांबड्या. पश्चिम भारतातल्या जुन्या जैन पोथ्यांत पानाच्या मधोमध एक चौकोन कोरा सोडलेला किंवा नक्षीने सजवलेला दिसतो. त्याचं कारण मजेदार आहे. ताडपत्राच्या पोथीत तिथे भोक असायचं आणि त्यातून दोरी ओवायचे. कागद आला, दोरी गेली, भोक गेलं, तरी लेखनिकांचा हात काही तो चौकोन सोडेना. आज फाइल जतन करायच्या बटणावर फ्लॉपीचं चित्र असतं, त्यातलाच हा प्रकार.

फाइलचा आकार: ३२ अक्षरांच्या मापात

पोथीच्या शेवटी बरेचदा ‘ग्रंथाग्र’ म्हणून एक आकडा दिलेला असतो. ३२ अक्षरं म्हणजे एक ग्रंथ, अनुष्टुभ श्लोकाच्या मापाचा. मजकूर गद्य असो की पद्य, त्यात अशी किती मापं भरली ते मोजून लिहायचं. लेखनिकाची मजुरी त्यावर ठरवता येई, आणि नक्कल करताना एखादं पान गळलं तर आकडा जुळेना. फाइलचा आकार आणि तपासणीचा आकडा, दोन्ही कामं एका रकान्यात!

मूलसंघ, सरस्वती गच्छ, आयपी अमुक

पोथीच्या शेवटच्या मजकुराला पुष्पिका किंवा प्रशस्ती म्हणतात. संवत किंवा शके, महिना, तिथी, गाव, मंदिर, लिहिणाऱ्याचं नाव, पोथी लिहवून घेणाऱ्या कुटुंबाची नावं, आणि ती कुणाला शास्त्रदान दिली तो तपशील. त्याआधी गुरुपरंपरा: मूलसंघ, सरस्वती गच्छ, बलात्कार गण, कुंदकुंदाचार्यांचा अन्वय, मग एकामागून एक भट्टारक. परंपरा कुठून कुठे आली याची पूर्ण साखळी.

आयपी पत्त्यालाही अशीच वंशावळ असते. सगळ्यात वर ‘आयाना’, तिच्याखाली आशिया-पॅसिफिकची ‘एपनिक’, तिच्याखाली भारताची ‘आयआरआयएनएन’, मग तुमची इंटरनेट कंपनी आणि शेवटी कारंज्यातल्या घरातला राउटर. व्हॉट्सॲपवर आलेल्या गुड मॉर्निंगच्या मागेसुद्धा एवढी गुरुपरंपरा उभी असते!

एक यादी, दोन हिरालाल

१९२६ साली नागपूरहून एक जाडजूड यादी निघाली, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची. संपादक रायबहादूर हिरालाल. या यादीने कारंज्याची भांडारं अभ्यासकांच्या नजरेत भरली. आणि कामाला लागलेले दुसरे विद्वान कोण? प्रा. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले. नावाच्या रकान्यात घोटाळा व्हायला याहून चांगली जोडी मिळायची नाही. डेटाबेसवाले प्रत्येक माणसाला वेगळं हँडल का देतात, ते अशा वेळी कळतं.

यादीतून पुढे पुस्तकं निघाली. कारंज्याच्या नावाने जैन ग्रंथमाला सुरू झाली आणि त्यात अपभ्रंश काव्यं एकामागून एक छापली गेली. दहाव्या शतकातला महाकवी पुष्पदंत राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात बसून लिहीत होता. त्याचं ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलं, १९३१ साली; ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैनांनी, १९३३ साली. दहाव्या शतकातल्या कवीला विसाव्या शतकात छापखाना मिळाला तो नोंद शाबूत होती म्हणून.

कवितेत सापडलं धाराशिव

याच मालेत १९३४ साली मुनी कनकामरांचं ‘करकंडचरिउ’ आलं. गोष्ट राजा करकंडाची, पण वाटेत तो तेरापूरच्या लेण्यांपाशी पोचतो. हे तेरापूर म्हणजे आपलं तेर, आणि लेणी म्हणजे धाराशिवची. कवितेच्या पोटात भूगोल नोंदवून ठेवलेला! सातबाऱ्यावर एवढं निगुतीने कुणी लिहिलं असतं की नाही, शंकाच आहे.

तेल लावू नका, मूर्खाला देऊ नका

जुने लेखनिक काम संपलं की शेवटी एखादा ठरावीक श्लोक टाकत. पोथीच स्वतः बोलते आहे अशी कल्पना: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका, आणि मूर्खाच्या हाती तर मुळीच देऊ नका. आणखी एका श्लोकात लेखनिक आपलं दुखणं सांगतो: पाठ मोडली, मान आखडली, नजर खाली खिळली, एवढ्या कष्टाने लिहिलंय, तर जिवापाड सांभाळा. वापराच्या अटी, देखभालीच्या सूचना आणि कर्मचाऱ्याची तक्रार, सगळं छंदात.

ॲपलचं कुलूपही त्याच जातीचं

या श्लोकांचा आधुनिक भाऊ कॅलिफोर्नियात सापडतो. २००६ साली ॲपलने इंटेल चिपचे मॅक आणले, तेव्हा त्यांची प्रणाली दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चालू नये म्हणून यंत्राच्या एका चिपमध्ये गुप्त किल्ली ठेवली. किल्ली ६४ अक्षरांची, ३२-३२ च्या दोन तुकड्यांत. लोकांनी ती खणून काढली तर काय, शब्दांमधल्या जागा काढून टाकलेली छोटीशी हायकूवजा कविता! मतलब असा की मेहनत आमची आहे, कृपा करून हात मारू नका. खाली कंपनीचं नाव आणि स्वामित्वहक्काची खूण. आणि हो, योगायोगाने तुकडे ३२ अक्षरांचेच, आपल्या ग्रंथाग्रासारखे.

हायकू, वकिलासह

२००२ साली ‘हेबियस’ नावाच्या अमेरिकी कंपनीने स्पॅमवर डोकेबाज उपाय काढला. ईमेलच्या वरच्या भागात, जो आपल्याला सहसा दिसत नाही, तिथे एक हायकू घालायचा. हायकूचा स्वामित्वहक्क कंपनीकडे. सभ्य ईमेलवाल्यांनी परवाना घेऊन तो वापरायचा, गाळण्या तो पाहून पत्र आत सोडणार. स्पॅमवाल्याने तो चोरला तर? खटला स्पॅमचा नाही, कविता चोरल्याचा! कल्पना झकास होती. पण स्पॅमवाल्यांना कसली चाड? त्यांनी हायकू बिनदिक्कत उचलला आणि गाळण्यांनी त्यावरचा भरवसा कमी केला. वाङ्मयचौर्य इतक्या मोठ्या प्रमाणावर फार कमी कवींच्या वाट्याला आलं असेल.

वाशीमचा राजा: दप्तरात ताम्रपट, घरात कविता

कारंजा ज्या जिल्ह्यात आहे, त्या वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. इथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. शाखेचा संस्थापक सर्वसेन राजा तर होताच, शिवाय ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कवीही. ते काव्य आज अख्खं मिळत नाही. काव्यशास्त्रवाल्यांनी आपल्या ग्रंथांत त्याची वाखाणणी करून ठेवली म्हणून माहीत आहे. मूळ फाइल गेली, दाखले उरले.

त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला मिळाला. राज्यवर्ष ३७, एका गावाचं दान, मजकूर अर्धा संस्कृत आणि अर्धा प्राकृत. वंशावळ ऐटीत संस्कृतमध्ये, व्यवहाराचा तपशील प्राकृतात. या ताम्रपटाने एक गंमत केली. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात वाकाटकांची वंशावळ श्लोकांत कोरलेली आहे, पण अक्षरं झिजल्याने नावांचा गोंधळ होता. वा. वि. मिराशींनी वाशीमच्या तांब्याच्या आधारे अजिंठ्याची कविता नीट लावली आणि सर्वसेनाचं नाव जागेवर बसवलं. डोंगरातली पद्यनोंद तपासायला तांब्यावरची दप्तरनोंद कामी आली.

पुढच्या काळातल्या बहुतेक ताम्रपटांच्या शेवटी तर व्यासांच्या नावाने ठरावीक श्लोकच असत: दिलेली जमीन जो हिसकावेल तो हजारो वर्षं किडा होऊन राहील. तलाठ्याच्या शेऱ्यात एवढा दम कधी नव्हता.

गणिताच्या शाळेची नोंद, तेलासह

चाळीसगावजवळ पाटणच्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ही नोंद. डॉ. भाऊ दाजींनी तो १९ व्या शतकात उजेडात आणला. वर संस्कृत श्लोक: राजाची थोरवी, घराण्याची थोरवी, आजोबांची तर विचारूच नका. खाली आले की भाषा मराठी होते आणि मुद्दा तेलावर येतो: मठाला कुणी काय द्यायचं, घाण्यामागे पळीभर तेल किती. स्तुतीला छंद, वसुलीला बोली. कार्यालयीन कामकाजाची ही वाटणी आठशे वर्षांनंतरही फारशी बदललेली नाही.

आजोबा स्वतः काही कमी नव्हते. आपलं जन्मवर्ष त्यांनी श्लोकात वस्तूंच्या नावांनी बसवलं: रस म्हणजे ६, गुण म्हणजे ३, पूर्ण म्हणजे ०, मही म्हणजे १. उजवीकडून डावीकडे वाचा: शके १०३६. आकडा पुसला जाऊ शकतो, मात्रा मात्र पुसली की लगेच खटकते. माहिती सुरक्षित ठेवायला वृत्तासारखा पहारेकरी नाही.

इंटरनेटच्या नियमपुस्तकातले कवी

इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिले जातात. त्यातला ९६८ वा, डिसेंबर १९८५ चा, ही कविता आहे. कवी व्हिंट सर्फ, इंटरनेटच्या जनकांपैकी एक. ११२१ वा, सप्टेंबर १९८९ चा, हा तर छोटा कवितासंग्रहच: इंटरनेटचं पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या विसाव्या वर्षाच्या सोहळ्यात वाचलेल्या कविता, कवींमध्ये जॉन पोस्टेल आणि लेनर्ड क्लाइनरॉक. आणि १६०५ वा, १ एप्रिल १९९४ चा, ‘सोनेट’ या फायबर-ऑप्टिक तंत्राचं रूपांतर सुनीतात कसं करावं ते शिकवतो. लेखक म्हणून नाव कुणाचं? विल्यम शेक्सपिअर!

सुटीवर बॉस, कामावर कविता

रेडिया पर्लमन ‘डिजिटल’ कंपनीत होत्या. नेटवर्कमध्ये तारा गोल जोडल्या गेल्या की निरोप भोवऱ्यासारखे फिरत राहतात. त्यावर तोडगा काढायचं काम सांगून बॉस सुटीवर गेले. पर्लमनबाईंनी तोडगा काढला, कागदावर उतरवला आणि तरी आठवड्यातले दिवस उरले. मग त्यांनी त्याची कविता केली, झाडाची उपमा घेऊन, आणि १९८५ च्या शोधनिबंधात सारांशाच्या जागी तीच टाकली. आज ऑफिसांमधले असंख्य स्विच त्याच तोडग्याच्या वारशावर चालतात. 

कविता हाच पासवर्ड

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हेर कवितेतले शब्द निवडून निरोपाची किल्ली बनवत. अडचण एवढीच की प्रसिद्ध कविता शत्रूलाही पाठ असायच्या. सांकेतिक विभागातल्या लिओ मार्क्स यांनी हट्ट धरला की कविता नवी हवी, न छापलेली हवी. ते स्वतःच करू लागले. त्यातली एक १९४४ मध्ये व्हायोलेट झाबो या हेर महिलेला दिली. जन्मतारीख आणि मुलाचं नाव पासवर्डात नको, हा आजचा बँकेचा उपदेश त्याच हट्टाचा वारस.

चक्र उलटं फिरलं २०१५ साली. मर्जान गझविनिनेजाद आणि केव्हिन नाइट या संशोधकांनी संगणकाकडून अगम्य आकड्यांच्या यमकबद्ध ओळी करून घेतल्या, पासवर्ड माणसाच्या लक्षात राहावा म्हणून. भास्कराचार्यांनी मान डोलावली असती.

आता आपली ओवी

नृसिंह सरस्वतींचं चरित्र सरस्वती गंगाधरांनी ओवीत गायलं, तेव्हा कारंज्याकडून अर्ज जायचा तो ओवीचाच. राइपच्या साच्यात तो असा दिसेल:

पोएम: पोएम-कारंजा
फॉर्म: फॉर्म-ओवी
टेक्स्ट: आकड्यांच्या रांगा ओळीत बसल्या
टेक्स्ट: नेटवर्कच्या वाटा नकाशी दिसल्या
टेक्स्ट: नोंदवहीच्या ओळी गालात हसल्या
टेक्स्ट: कवितेपाठी ॥
एमएनटी-बाय: एलआयएम-एमएनटी
सोर्स: राइप

अडथळे दोन. काव्यप्रकाराच्या मंजुरीचा शिक्का व्यवस्थापकांच्या हातात, आणि डेटाबेस बेतलेला लॅटिन अक्षरांवर. देवनागरी ओवीला रोमन लिपीचा अंगरखा चढवावा लागणार. त्यात नवं काही नाही. २०१४ साली सुरू झालेलं ‘.भारत’ हे डोमेनही आपल्याला देवनागरीत दिसतं, पण यंत्राच्या पोटात ते रोमन अक्षर-आकड्यांच्या संकेतातच धावतं.

मंजुरीची वाट बघत बसू नका. सोसायटीचं रजिस्टर, शाळेचं हजेरीपुस्तक, गोदामाची स्टॉकवही, जिथे ‘शेरा’ नावाचा रकाना रिकामा दिसेल तिथे चार चरण टाकून द्या. साहेबांनी कारण विचारलं, तर शांतपणे सांगा: वाकाटकांच्या काळापासूनची पद्धत आहे, मागील पानावरून पुढे चालू.